निवांत बसण्याचा खर्च

मे महिन्यातील त्या दुपारी आमच्या घरात तीन पंखे चालू होते. दोन छताला होते, तिसरा माझ्या लॅपटॉपच्या पोटात होता आणि आवाज तिसऱ्याचाच सर्वांत मोठा होता. "मिक्सर बंद करा रे कुणीतरी," असे आईने स्वयंपाकघरातून दोनदा सांगितल्यावर, मिक्सर फडताळात असून आवाज टेबलावरून येत आहे, हे मला मान्य करावे लागले. त्या वेळी मी लॅपटॉपवर वर्तमानपत्र वाचण्यापलीकडे काहीही करत नव्हतो आणि त्या वर्तमानपत्रातही यंत्राला घाम फुटावा असे काही छापलेले नव्हते.

या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि तिच्या आत केव्हीएम या लिनक्समधल्याच सोयीच्या आधाराने चालणारे एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला नकली संगणक, आहे, ज्यात डेबियन, म्हणजे पुन्हा लिनक्सच, आहे. एका बिऱ्हाडात दुसरे बिऱ्हाड थाटण्याच्या या प्रकारात बाहेरच्या यंत्रणेला होस्ट आणि आतल्या यंत्रणेला गेस्ट म्हणतात. ही नावे ज्याने ठेवली त्याने पाहुणचार फार जवळून सोसलेला असावा. माझ्या गेस्टचे नाव मी मोठ्या हौसेने ‘निवांत’ असे ठेवले होते, कारण रात्री एकदा घरच्या फोटोंची प्रत काढून ठेवणे एवढेच त्याच्याकडे काम होते आणि उरलेला दिवस त्याने पडून राहावे अशी माझी अपेक्षा होती.

कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतो हे दाखवणारी ‘टॉप’ ही आज्ञा होस्टवर चालवली, तेव्हा पहिल्याच ओळीत निवांत होता आणि त्याच्यापुढे प्रोसेसरचा वापर २०३ टक्के असा लिहिलेला होता. बायकोने खांद्यावरून डोकावून, शंभरपैकी दोनशे तीन गुण कुठल्या शाळेत देतात, असे विचारले. टॉप प्रोसेसरच्या एका कोअरचे, म्हणजे स्वतंत्रपणे राबणाऱ्या एका भागाचे, १०० टक्के धरतो, निवांतला मी दोन कोअर दिलेले आहेत, तेव्हा ते दोन्ही पूर्ण क्षमतेने राबत आहेत आणि वरचे तीन टक्के ही मधल्या व्यवस्थेची दलाली आहे, असे मी तिला समजावून सांगितले. "म्हणजे तो काम करतोय," ती म्हणाली. तो काय काम करतो आहे, हे पाहण्यासाठी मी आत शिरलो.

आत कमालीची शांतता होती. निवांतच्या टॉपमध्ये दोन्ही प्रोसेसर ९९.३ टक्के रिकामे असल्याची नोंद होती आणि जे काही थोडे काम चालले होते त्यात पहिला क्रमांक, काम कोण करत आहे हे पाहण्यासाठी मीच चालवलेल्या टॉपचा होता. "माझं काही नको हो, मी आपला कोपऱ्यात पडून आहे," असे पाहुण्याने नम्रपणे सांगावे आणि स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा कणीक भिजवावी लागावी, तशातला हा प्रकार होता.

पुढचे तीन तास मी निरपराध लोकांची धरपकड करण्यात घालवले. फाइलींची अनुक्रमणिका तयार करणारी सेवा बंद केली, आपोआप अद्ययावत होणारी व्यवस्था बंद केली, टर्मिनलमधील लुकलुकणारा कर्सरही स्थिर केला. निवांत दोनदा बंद करून पुन्हा सुरू केला. दोनशे तीनचे दोनशे दोन झाले आणि पुन्हा दोनशे तीन झाले. अखेरीस मी घड्याळ आजच्याच तारखेला आणि आत्ताच्याच वेळेला लावून पाहिले. हा उपाय तोडग्यासारखा वाटतो, पण त्याला इतिहास आहे. ३० जून २०१२ रोजी, घड्याळे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळावीत म्हणून, जागतिक वेळेत एक लीप सेकंद वाढवला गेला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट होऊन साडेपाच वाजत होते. त्या एका सेकंदाने लिनक्सच्या कर्नेलमधील, म्हणजे गाभ्यातील, टायमरांचा हिशेब असा बिघडला, की जगभरचे अनेक सर्व्हर काही काम नसताना पूर्ण वेगाने धावत सुटले, आणि घड्याळाला त्याचीच वेळ पुन्हा सांगितल्यावर त्यांतले पुष्कळ शांत झाले. माझ्या बाबतीत घड्याळाने वेळ ऐकून घेतली आणि पंखा तसाच ओरडत राहिला.

तेव्हा संशय टायमरवर गेला. कर्नेल ठरावीक वेगाने स्वतःला चिमटा काढून जागे होत असे, अशी जुनी रीत होती. लिनक्सच्या २.६ आवृत्तीने पीसीवर हा वेग सेकंदाला १०० वरून १००० वर नेला आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांना, पाहुणा झोपलेला असला तरी त्याच्या घोरण्याचाही खर्च लागतो, याचा प्रत्यय आला. २००७ साली आलेल्या २.६.२१ मध्ये ‘टिकलेस’ सोय झाली, म्हणजे काम नसेल तर चिमटेही नाहीत. निवांतचा कर्नेल त्याहून कितीतरी नवा असल्यामुळे त्याच्या इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरला हाक मारणाऱ्या संकेतांच्या, यादीत मला शुकशुकाट अपेक्षित होता, प्रत्यक्षात तेथे प्रत्येक प्रोसेसरला सेकंदाला नेमके २५० ठोके पडत होते. टिकलेस यंत्रात टिकटिक का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी मात्र, अडीचशे ठोक्यांनी दोन कोअर काही जळत नाहीत, असा हिशेब करून हा धागा सोडून दिला आणि चहा प्यायलो. हिशेब बरोबर होता आणि मी चुकलो होतो.

उत्तर मिळाले ते होस्टच्या बाजूने. ‘पर्फ’ नावाचे एक साधन आहे. गेस्ट कोणकोणत्या कारणांनी प्रोसेसर सोडून होस्टच्या हवाली होतो, याची ते मोजदाद करते. धडधाकट आणि बेकार गेस्टच्या यादीत ‘हॉल्ट’ हे कारण सर्वांत ठळक असते. हॉल्ट ही प्रोसेसरला ‘आता थांब, कोणी हाक मारली तर ऊठ’ असे सांगणारी सूचना १९७८ च्या ८०८६ या चिपपासून चालत आलेली आहे. गेस्टने ती उच्चारली, की होस्ट तो कोअर काढून घेतो आणि दुसऱ्याला देतो. निवांतच्या यादीत हॉल्ट एकदाही नव्हते. निवांत झोपतच नव्हता.

कर्नेल सुरू होताना त्याला कोणकोणत्या सूचना दिल्या गेल्या, हे दाखवणारी एक फाइल असते. ती उघडली, तर शेवटी दोन शब्द चिकटलेले होते: ‘आयडल=पोल’. त्यांचा अर्थ असा, की काम नसेल तेव्हा प्रोसेसरने झोपू नये, गोल गोल फिरत ‘आलं का काम? आलं का काम?’ असे विचारत राहावे. गॅसचा सिलिंडर येणार असेल त्या दिवशी आई नेमके हेच करते. बेल उत्तम वाजते, तरीही ती सकाळपासून दाराच्या भिंगातून पाहत उभी असते, आणि संध्याकाळी "आज दिवसभरात काही म्हणून काम झालं नाही," असे म्हणत पाय चेपत बसते. कर्नेलचा जमाखर्चही आईच्याच पद्धतीने लिहिला जातो. वाट पाहणे हे त्याच्या लेखी काम नसल्यामुळे ते सारे फेरे तो ‘रिकामा वेळ’ या खात्यात टाकतो, म्हणून आत ९९.३ टक्के विश्रांती दिसते. होस्टला मात्र प्रोसेसर फिरताना दिसतो आणि तो फेऱ्यांचे पैसे लावतो. दोघांच्याही वह्या चोख होत्या. अशा वाट पाहणाऱ्या प्रोसेसरसाठी कर्नेल टिकटिकही थांबवत नाही. म्हणजे ज्या अडीचशे ठोक्यांना मी चहाबरोबर निकालात काढले होते, ते बिचारे साक्ष द्यायलाच आलेले होते.

हे दोन शब्द कोणी लिहिले, एवढाच प्रश्न उरला. व्हायरस, घुसखोरी, धाकटा भाचा या क्रमाने मी शक्यता तपासल्या. मग बूट लोडरची, म्हणजे कर्नेलला सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, फाइल उघडली. त्या ओळीच्या वरच मराठीत एक टीप होती: ‘तानपुऱ्यासाठी. तात्पुरते. आठवड्याभरात काढणे.’ खाली फेब्रुवारीतील तारीख होती. तेव्हा सगळे आठवले. आईच्या गाण्याच्या रियाझासाठी निवांतवर तानपुऱ्याचा एक प्रोग्राम बसवला होता, त्याचा आवाज मध्येमध्ये फाटत होता, आणि प्रोसेसरला झोपेतून उठायला वेळ लागत असावा, तेव्हा त्याला झोपूच देऊ नये, असा सल्ला ऑफिसातील एका सहकाऱ्याने दिला होता. सल्ला शास्त्राला धरून होता. नंतर हेडफोनची पिन सैल असल्याचे उघड झाले, पिन बदलली, तानपुरा सुधारला, आणि निवांतला झोपण्याची परवानगी देण्याचे राहून गेले. तीन महिने तो दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा होता.

ओळ खोडली, बूट लोडरची नोंद नव्याने केली, निवांत पुन्हा सुरू केला. २०३ चे ९ झाले. एखादा शहाणा माणूस तेथे थांबला असता. मी त्या नऊच्या मागे लागलो. ते निघाले जुन्या घडणीच्या नकली यूएसबी कंट्रोलरचे, ज्याच्यावर माउसच्या सोयीसाठी एक नकली टॅब्लेट टांगलेला असतो आणि जो सेकंदाला हजार वेळा त्याची विचारपूस करतो. टॅब्लेट काढून टाकल्यावर वापर उतरला, पण माउसचा बाण निवांतच्या खिडकीत गेला की तेथेच अडकू लागला आणि त्याला दर वेळी कंट्रोल-ऑल्ट दाबून सोडवून आणावे लागले. शेवटी टॅब्लेट परत बसवून कंट्रोलरच यूएसबी ३ चा केला. आता आकडा दोनच्या आसपास असतो आणि त्या दोनांकडे मी पाहत नाही.

पंखा थांबल्यावर आई बाहेर आली आणि लॅपटॉप बिघडला का, असे तिने विचारले. बिघडलेला होता, आता दुरुस्त झाला, असे मी सांगितले. "कुणी बिघडवला होता?" तिने विचारले. फेब्रुवारीत कोणीतरी एक ओळ लिहून ठेवली होती, असे मी म्हणालो आणि बायकोचे लक्ष जाण्यापूर्वी ती मराठी टीपही खोडून टाकली.