‘कुणाला काही झालं नाही’ लिहिणाऱ्या वाचकांस

फौंड्रीतल्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यातल्या, धुळीवरच्या माझ्या लेखाखाली एका कारखानदारांनी लिहिलंय: ‘एसीत बसून लोकांना घाबरवू नका. आमची माणसं 30 वर्षं तोंडाला रुमाल बांधून काम करताहेत, कुणाला काही झालं नाही. बिडाचं तापमानही चुकलंय. असले नियम लावले तर छोटे कारखाने बंद पडतील.’

साहेब, तापमान चुकलं, मान्य. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण 1300 ते 1400 अंश सेल्सिअसला ओततात, मी 1600 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. पण ‘एसीत बसून’? समोरचा कोण, कुठला, हे माहीत नसताना ही भाषा बरी नव्हे.

माझे वडील 22 वर्षं घाटावरच्या एका फौंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या जॉबवरची, म्हणजे ओतलेल्या भागावरची, चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासायची. रुमाल तेही बांधायचे. धुतला की पाणी काळं व्हायचं आणि आम्हाला वाटायचं, धूळ अडकली. अडकते ती जाडी. वाळूतल्या सिलिकाचा जो कण फुप्फुसात खोल उतरतो तो डोळ्यांना दिसत नाही, रुमालाला तर जुमानतच नाही. पुढे पुढे गणपतीला गावी आले की पाखाडी चढताना तीनदा टेकायचे. आधी टीबीची औषधं झाली. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हे नाव फार उशिरा कळलं. तो बरा होत नाही. काम सुटलं तरी वाढू शकतो.

म्हणून तुमचं ते वाक्य लागलं. दम लागलेला माणूस तुमच्या हजेरीपटावर राहतो कुठे? तो हिशेब घेऊन संगमेश्वर-गुहागरकडे आपल्या वाडीत येतो आणि पडवीत खोकत बसतो. तुम्ही उरलेले मोजता. 1948 च्या कारखाने अधिनियमातच सिलिकोसिस हा सरकारला कळवायचा आजार म्हणून नोंदलेला होता. 30 वर्षांत एकाच्या तरी छातीचा एक्स-रे काढलात का, तेवढं सांगा.

कारखाने बंद पडण्याचं राहू द्या. खाली सांडलेली वाळू झाडण्याआधी ओलसर करायला कितीसा खर्च येतो? (भट्टीपासून आणि ओतकामापासून लांब, हे सांगायला नकोच, वितळलेल्या बिडाखाली पाणी सापडलं की वाफेचा स्फोट होतो.) कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं थांबवायला तर पैसाही लागत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुन्हा लिहिण्याआधी काम सोडून गेलेल्या तुमच्या दोन फेटलरांच्या घरी जाऊन या.