वक्तृत्व, प्रसिद्धी आणि अहिंसक आंदोलन : एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

अहिंसक आंदोलनांच्या नेत्यांविषयी एक विधान थोड्याफार फरकाने सतत पुढे पाठवले जाते. त्याचा सारांश असा : हे नेते मुळात वक्तृत्वाचे कारागीर असतात, त्यांच्या टाळ्याखाऊ वाक्यांमुळे वार्ताहर गोळा होतात, प्रसिद्धीची ही हाव त्यांच्या नैतिक भूमिकेला खोटे ठरवते, आणि कॅमेरे काढून घेतले तर अशा आंदोलनात काहीच उरत नाही. या विधानातले चारही दावे वेगवेगळे आहेत आणि एकत्र बांधलेले असल्यामुळेच ते पटण्याजोगे वाटतात.

पहिला दावा वक्तृत्वाच्या सामर्थ्याचा आहे. तो खरा असता, तर अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वाणीने सर्वत्र सारखाच परिणाम साधला असता. १९६१-६२ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी येथील आंदोलनात किंग तेच होते आणि त्यांची भाषणेही तितकीच प्रभावी होती. परंतु तेथील पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी पोलिसांना लोकांसमक्ष मारहाण करू दिली नाही आणि अटक केलेल्यांना आसपासच्या तुरुंगांत विखरून ठेवले. वार्ताहरांचे लक्ष ओसरले आणि ठोस काही पदरात न पडताच किंग यांना तेथून निघावे लागले. पुढच्याच वर्षी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममध्येही एप्रिलभर आंदोलन रेंगाळत होते. मे महिन्याच्या सुरुवातीला शाळकरी मुले रस्त्यावर उतरली, त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे आणि पोलिसी कुत्रे सोडण्यात आले, तेव्हा ती दृश्ये जगभर पोहोचली. किंग यांनी त्याआधी तुरुंगातून लिहिलेले प्रसिद्ध पत्र त्या क्षणी बातमी झाले नव्हते. जे घडले त्याचा अर्थ लोकांना कळण्यासाठी ते पत्र उपयोगी पडले, आणि शब्दांचे हे काम गर्दी खेचण्याहून निराळे आहे.

दुसरा दावा टाळ्याखाऊ वाक्यांचा आहे आणि याच ठिकाणी सर्वांत मोठी गफलत होते. माध्यमांना खेचून घेणारे आंदोलकाचे बोलणे बहुधा अलंकारिक नसते. ते पूर्वसूचनेच्या स्वरूपाचे असते. गांधींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेले पत्र याचा उत्तम नमुना आहे. ‘प्रिय मित्र’ अशी त्याची सुरुवात आहे, पण मजकूर हिशेबाचा आहे : व्हाइसरॉयचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांहून अधिक, आणि भारतीय माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला सुमारे दोन आणे. त्यापुढे कोणता कायदा मोडणार हे सांगितले आहे आणि मुदतही दिली आहे. १२ मार्चला ते ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला, सुमारे ३८५ किलोमीटर चालून, दांडीला पोहोचले. मार्ग आणि मुक्काम आधीच जाहीर असल्यामुळे वार्ताहरांना कोठे जायचे ते ठाऊक होते. मिठावरचा कर हा विषय कोणत्याही देशातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नव्हता. आणि अटक केली तर ती बातमी, न केली तर रोजची वाटचाल हीच बातमी, अशा पेचात सरकार सापडले. ही रचना वक्तृत्वाची म्हणता येणार नाही. दिलेला शब्द पाळला जाईल की नाही, ही उत्कंठा त्यामागे होती, आणि ज्याने पूर्वी शब्द पाळला आहे त्यालाच ती निर्माण करता येते. त्यामुळेच जाहीर बोलणे सर्वप्रथम बोलणाऱ्याला बांधून ठेवते. केवळ चटकदार बोलणाऱ्याने असे तारीखवार आव्हान दिले, तर ती तारीख उलटताच त्याचे हसे होते.

टाळ्यांचीच अपेक्षा असती, तर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केलेच नसते. त्या भाषणानंतर मोठमोठ्या वृत्तपत्रांनी अग्रलेखांतून त्यांच्यावर टीका केली.

तिसरा दावा प्रसिद्धीच्या हावेचा आहे. हाव लपवली जाते, येथे मात्र काहीही लपवलेले नाही. बळाविरुद्ध न्यायाच्या या लढ्यात मला जगाची सहानुभूती हवी आहे, असे गांधींनी दांडीला पोहोचल्यावर स्वतःच्या सहीनिशी लिहून दिले. किंग यांनीही तुरुंगातील पत्रात प्रत्यक्ष कृतीचा हेतू स्पष्ट मांडला आहे : प्रश्न इतका ठळक करायचा की त्याकडे दुर्लक्ष करणे अशक्य व्हावे. ज्यांचे अर्ज वाचले जात नाहीत आणि ज्यांच्याशी वाटाघाटी नाकारल्या जातात, त्यांनी लोकांचे लक्ष मागणे यात अप्रामाणिक काय आहे, हे दावा करणाऱ्यांनी सांगावे. ज्यांच्या खुर्च्या सभागृहात आधीच आहेत, त्यांना ही मागणी नाटकी वाटणे मी समजू शकतो, पण मान्य करू शकत नाही.

चौथा दावा, कॅमेऱ्यांशिवाय काही उरत नाही, इतिहासाच्या सरळ विरोधात जातो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा त्यांची बाजू मांडायला प्रस्थापित वृत्तपत्रे सरसावली नव्हती. ३ एप्रिलपासून त्यांनी स्वतःचे ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. डिसेंबरमध्ये महाडच्याच परिषदेत त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. ती तुलना प्रामुख्याने समोर बसलेल्या माणसांसाठी होती, आपण काय करतो आहोत याचे मोल त्यांना कळावे म्हणून होती. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. अलाबामातील माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी पुकारलेला बसबहिष्कारही ३८१ दिवस टिकला. तेथे चर्चमधल्या सभांतून जी भाषणे होत होती, त्यांचे पहिले श्रोते दुसऱ्या दिवशी पायी कामावर जाणारे लोक होते. वार्ताहर आले किंवा न आले, तरी त्या लोकांना पुन्हा बसमध्ये न चढण्याचे बळ देणे हे त्या भाषणांचे मुख्य काम होते.