जुन्या कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड होतं: एक खुलासा

‘१६ जीबी रॅम नसेल तर घरी रेकॉर्डिंगच्या फंदात पडू नका’ असा मेसेज आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही. माझा कॉम्प्युटर २०१२ चा, रॅम ४ जीबी. त्यावर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पेटी, तबला, टाळ आणि आवाज धरून आठ ट्रॅक गेल्याच आठवड्यात मिक्स केले. गाताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो, ते सेटिंग) १२८ सॅम्पल ठेवला, मिक्सिंगला १०२४ केला, तशी मधली खरखर थांबली. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) प्रत्येक ट्रॅकला वेगळा न लावता एकच लावून सगळे त्यात पाठवले. ऑर्केस्ट्राच्या मोठमोठ्या सॅम्पल लायब्ररींना (वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचांना) जास्त रॅम लागते, तेवढं मात्र बरोबर. पण अभंग रेकॉर्ड करायला कुणी कर्ज काढून मशीन घेऊ नका. मेसेज पुढे पाठवला असेल, तर कृपया त्याखाली हे टाका.