भाऊसाहेबांना हार घातला, पण वाचलं कुणी?

गेल्या २ सप्टेंबरला कोल्हापुरातल्या एका कार्यक्रमाला गेले होते. वि. स. खांडेकरांची, म्हणजे भाऊसाहेबांची पुण्यतिथी. समई विझू नये म्हणून पंखे बंद, फोटोला हार, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, मग चार भाषणं. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे, कोल्हापूरचं भूषण, वगैरे. सगळं खरंच आहे. पण दीड तासात खांडेकरांची एक ओळसुद्धा कुणी वाचली नाही. टेबलावर 'ययाति' ठेवली होती, तिच्यावर फुलं वाहिली होती. ती उघडली मात्र कुणीच नाही. घरी येईपर्यंत जीव नुसता चरफडत होता.

याचं एक कारण घरातलंच आहे. माझी आई ८१ वर्षांची, हाडाची वाचणारी बाई. आता तिला ठळक अक्षरंही दिसत नाहीत. गेल्या पावसाळ्यात, रात्रीची जेवणं उरकली की मी तिला 'ययाति' वाचून दाखवायला लागले. आमची प्रत बाबांनी घेतलेली, शिवण उसवलेली, मधली पानं आईनंच कधीतरी दोऱ्यानं टाचलेली. कॉलेजात मी ही कादंबरी दोन रात्रींत संपवली होती. मोठ्यानं वाचताना ती वेगळीच निघाली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडानं आपली गोष्ट सांगतात. देवयानी आली की माझा आवाज आपोआप चढायचा. पुढं शर्मिष्ठा यायची तरी तो उतरत नसे, की आई म्हणायची, "तिला एवढी घाई नसते गं, सावकाश वाच की." पोटच्या पोराकडं तारुण्य मागणारा बाप आला त्या रात्री तिनं हात वर केला. "आज एवढंच बास." मग बराच वेळ दोघी गप्प बसून पाऊस ऐकत होतो.

भाऊसाहेबांचीही दृष्टी शेवटी गेली होती. ते सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. म्हणजे त्यांचं वाक्य कागदावर यायच्या आधी कुणाच्या तरी कानावर पडत होतं. अशा माणसाच्या स्मृतिदिनाला त्याचेच शब्द कानावर पडू नयेत, हे मला फार लागतं.

त्यांची भाषा फार अलंकारिक, जुनी झाली, असं मुलं म्हणतात. थोडं खरं आहे. उपमा कधी कधी जास्त होतात. एकदा मी एक परिच्छेद गुपचूप गाळला, तर आईनं लगेच पकडलं. "मधलं खाल्लंस ना?" परत मागं जाऊन वाचावं लागलं. तिला ते हवं होतं.

काम करणाऱ्यांनी केलंय, हेही सांगते. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. सुनीलकुमार लवटे सरांनी त्यांचं विखुरलेलं लेखन वर्षानुवर्षं शोधून, संपादून पुस्तकरूपानं आणलं. ही खरी सेवा. ते वाचायचं काम तेवढं आपलं उरतं.

१९७६ मध्ये भाऊसाहेब गेले. २०२६ च्या २ सप्टेंबरला ५० वर्षं होतात. मोठे कार्यक्रम होतील, व्हावेतही. माझी मागणी लहान आहे. त्या दिवशी एक तास तरी भाषण नको, फक्त त्यांचं वाचन. रूपककथा तर त्यांच्या इतक्या छोट्या की शाळेतलं पोर पाच मिनिटांत वाचेल. 'उल्का' कादंबरीतलं एखादं प्रकरण एखाद्या नर्सनं वाचावं, एखाद्या रिक्षावाल्या दादांनी वाचावं. अडखळले तर अडखळू देत. कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत १८ वर्षं मुलं शिकवलेला मास्तर आहे हा, अडखळणाऱ्यांची त्याला सवय होती.

आम्ही वाट बघत बसणार नाही. इथल्या राजारामपुरीत, जिथं ते राहिले त्याच भागात आमचं घर आहे. ११ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, संध्याकाळी सहाला आमच्या सोप्यात सतरंजी टाकतोय. ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा, पत्ता कळवते. येताना घरातलं खांडेकरांचं कुठलंही पुस्तक आणा, फाटकं असलं तरी चालेल. शर्मिष्ठेचा भाग कुणी वाचायचा हे आईनं आधीच ठरवून टाकलंय: शेजारची नववीतली मुलगी. ती हळू बोलते म्हणून.