टाकीच्या झाकणाची मर्जी

माझ्या मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवरचे कुलूप गेली ११ वर्षे इमानेइतबारे पहारा देत आहे. या काळात त्या टाकीतले पेट्रोल चोरण्याचा प्रयत्न, माझ्या माहितीप्रमाणे, कोणीही केलेला नाही. त्यामुळे या पहाऱ्याचा जो काही जाच आहे तो एकट्या मालकाच्या वाट्याला आला आहे.

दुखणे हळूहळू वाढले. आधी किल्ली आत जाताना किंचित कुरकुरू लागली, मग ती फिरवण्यासाठी तळहाताने झाकण खाली दाबून धरावे लागू लागले, आणि पुढे पुढे तर झाकण दाबणे, किल्ली केसभर बाहेर ओढणे, डावीउजवीकडे हलवणे आणि मनातल्या मनात तिच्या नाकदुऱ्या काढणे असा चार पायऱ्यांचा विधीच ठरून गेला. हा विधी एकांतात शोभतो. पेट्रोल पंपावर, हातात नळी धरून ताटकळलेला माणूस आणि मागे खोळंबलेली वाहने यांच्या साक्षीने तो करू लागले की आपण आपल्याच गाडीचे चोर दिसू लागतो. "साहेब, गाडी तुमचीच ना?" असे त्या माणसाने अगदी अदबीने विचारले, त्याच संध्याकाळी मी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी बाहेर काढली.

कुलूप अडले की तेल घालावे, हे ज्ञान जन्मजात असते. ते चुकीचे असेल अशी शंकाही कधी येत नाही. पहिले दोन आठवडे किल्ली अशी अलगद फिरली की मी शेजाऱ्यांच्या कुलपांकडेही परोपकारी नजरेने पाहू लागलो. तिसऱ्या आठवड्यात कुलूप ठप्प झाले. जोर लावला तेव्हा किल्लीच्या मानेला हलकासा पीळ पडलेला दिसला आणि पोटात गोळा आला, कारण गाडी चालू करणारी किल्लीही तीच; ती आत मोडली असती तर टाकी आणि गाडी दोन्ही एकदमच बंद झाली असती.

"कुलपात तेल कोणी घालायला सांगितलं, साहेब?" गाडी दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींनी विचारले.

"कोणी नाही, मीच घातलं."

"तरीच."

त्या एका शब्दात माझी सगळी यंत्रविद्या निकालात निघाली. कुलपाच्या नळकांड्यात पितळेच्या पातळ चकत्या असतात आणि प्रत्येकीमागे एक इवलीशी स्प्रिंग असते. योग्य किल्ली गेली की सगळ्या चकत्या एका पातळीत येतात आणि नळकांडे फिरते. मी घातलेल्या तेलाने रस्त्यावरची धूळ पोटाशी धरली, तिचा चिखल झाला आणि त्यात एक चकती रुतून बसली. एक रुतली तरी बाकीच्यांच्या एकजुटीला काही अर्थ उरत नाही. मेस्त्रींनी घरात पडून असलेली, अजिबात न झिजलेली दुसरी किल्ली आणायला लावली आणि ती पहिल्याच फेरीत फिरली. दिवसाआड वापरून झिजलेल्या किल्लीचे दाते बोथट होतात, हे मी ११ वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

उपाय त्यांनी सांगितला तो असा: आधी सफाईच्या फवाऱ्याने चिखल धुऊन काढा, टाकीच्या रंगावर फडके धरा, कुलूप पूर्ण वाळू द्या, आणि मग तेलाऐवजी ग्राफाइट, म्हणजे चक्क पेन्सिलीचे शिसे, किल्लीच्या दोन्ही बाजूंना घासून ती दहा-बारा वेळा आतबाहेर करा. ग्राफाइट कोरडे, म्हणून धुळीला धरायला काही सापडत नाही. मुलीच्या कंपासपेटीतली सहा-बी पेन्सिल मी उसनी घेतली, कारण 'बी'चा आकडा जितका मोठा तितके शिसे मऊ. उत्साहाच्या भरात गाडी चालू करायच्या कुलपाकडेही वळलो होतो. पण ग्राफाइटमधून वीज वाहते आणि तिथे खाली तारांची जोडणी असते, तेव्हा तिकडे हात लावू नका, असे मेस्त्रींनी बजावले.

इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण झाकण उघडलेच आहे तर खालचे रबरी सीलही बघावे, असा विचार मनात आला आणि मी हात दाखवून अवलक्षण करून घेतले. सीलला तडे गेले आहेत का, ते कडक झाले आहे का हे पाहायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, आणि खराब असेल तर बदलायचे, एवढेच त्याचे मागणे असते. मी त्याला ग्रीसचा असा भरघोस लेप दिला की पावसाच्या थेंबालाही आत शिरायची लाज वाटावी.

दुसऱ्या दिवशी टाकी गच्च भरून निघालो. बारा-तेरा किलोमीटरवर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. थोडे थांबले की चालू होई, पुन्हा बंद पडे. शेवटी काहीच सुचेना म्हणून झाकण उघडले, तर 'फस्स' असा दीर्घ सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी जणू काही घडलेच नाही अशी चालू झाली. झाकणात हवा आत घेणारे एक बारीक छिद्र असते. पेट्रोल जसजसे खाली उतरते तसतशी त्याची जागा घ्यायला हवा लागते, आणि माझ्या लेपाने ते छिद्र लिंपून टाकले होते. टाकी गच्च भरलेली, वर हवेला जागा थोडी, म्हणून गाडीचा श्वास लवकर कोंडला.

रस्त्याच्या कडेला बसून सगळे ग्रीस रुमालाने पुसले. झाकणाभोवतीच्या खळग्यात पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी आणखी एक छिद्र असते, तेही चिखलाने बुजलेले निघाले. ते प्लॅस्टिकच्या बारीक तारेने मोकळे केले. ते तसेच राहिले असते तर भर पावसात झाकण उघडताच साचलेले पाणी थेट टाकीत उतरले असते, आणि पेट्रोलपेक्षा जड असल्याने जिथून इंजिनाला पेट्रोल जाते त्याच तळाशी जाऊन बसले असते.

आता किल्ली एका फेरीत फिरते. तरी पंपावर माझा तळहात सवयीने झाकणावर दाबला जातोच, आणि नळीवाला माणूस अजून माझ्याकडे संशयाने पाहतो. मुलीला पेन्सिल परत केली आहे. तिच्या चित्रातल्या ढगांना हल्ली पेट्रोलचा वास येतो, अशी तिची तक्रार आहे.