चार तासांचे तीन करण्यावर आलेल्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार सर,

माझ्या सूचनेवर तुमचे आक्षेप दोन. बेसिक इलेक्ट्रॉनिक्सची लेक्चर्स आठवड्याला ४ वरून ३ वर आणून तो वेळ प्रॅक्टिकलला दिला, तर इंजिनिअरऐवजी आयटीआयचे वायरमन तयार होतील. आणि मुंबई विद्यापीठाने २०१२, २०१६, २०१९ असे तीनदा पॅटर्न बदलले, त्याने काय झाले?

दुसरा आक्षेप मान्य. अभ्यासक्रम बदलला, पेपरचा साचा तोच राहिला: ८० मार्क, पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले कोणतेही तीन. दोन मॉड्यूल सोडून पास होता येत असेल तर पोरं ती सोडणारच. टर्मवर्कचे, म्हणजे वर्षभरातल्या जर्नल-प्रॅक्टिकलच्या मार्कांचे, तर बोलायलाच नको. सबमिशनच्या आठवड्यात एका जर्नलवरून अख्खा वर्ग उतरवतो, रीडिंगमधल्या चुकांसकट.

पहिला मात्र पटत नाही. रेक्टिफायरचे, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या सर्किटचे, प्रॅक्टिकल घ्या. आज ट्रेनर किटला पॅच कॉर्ड जोडायच्या, सीआरओच्या (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर दिसेल तो वेव्हफॉर्म काढायचा, खाली 'अभ्यास केला' असे लिहून सही घ्यायची. त्याऐवजी ५ व्होल्ट, ५०० मिलीअँपचा पॉवर सप्लाय बनवायला सांगा. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिजसाठी चार १एन४००७ डायोड, एक कपॅसिटर आणि आउटपुट ५ व्होल्टवर स्थिर ठेवणारा एक ७८०५ आयसी. पीक १७ व्होल्ट, दोन डायोडचे १.४ गेले, उरले १५.६. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरॅडचा असेल तर दोन पीकच्या मध्ये साधारण ४ व्होल्ट उतरतात, काम चालते. २२० चा लावला की व्होल्टेज ७ च्याही खाली जाते, ७८०५ ला ५ च्या वर लागणारे दोनेक व्होल्ट मिळत नाहीत आणि आउटपुटवर १०० हर्ट्झचे खड्डे दिसतात. सरासरी १३ व्होल्ट इनपुट धरले तर आयसीवर ८ व्होल्ट गुणिले अर्धा अँप, म्हणजे ४ वॉट उष्णता. हीटसिंकशिवाय दर वॉटला ६५ अंशांच्या आसपास तापमान चढते. तेवढे चढण्याआधीच आयसी स्वतःला बंद करून घेतो. पोरगं म्हणतं, 'सर, आयसी डुप्लिकेट आहे.' हे गणित वायरमनचे नाही, तुम्ही फळ्यावर शिकवता तेच आहे. (आणि वायरमनला इतके हिणवू नका. नवी मुंबईत रबाळे-महाप्याच्या इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांकडे वायरच्या टोकाची लग नीट क्रिम्प करणारा तोच असतो.)

तास कमी करण्याची सूचना मात्र मागे घेतो, तुम्ही दिलेल्या कारणासाठी नव्हे. ६० मुलांच्या एका लेक्चरला एक शिक्षक एक तास लागतो. प्रॅक्टिकलचे एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास. २० च्या तीन बॅच केल्या की शिक्षकाचे ६ तास. एक देऊन सहा मागितले तर कुठलेही कॉलेज देणार नाही. ते तीन बॅच दोनवर आणेल आणि एका टेबलाशी पाच जण उभे राहतील. तेव्हा ४ लेक्चर राहू द्या. आहे त्याच दोन तासांच्या स्लॉटमध्ये दहा सुटे प्रयोग कमी करून चार ठेवा आणि सर्किट स्वतः बांधायची चार-चार आठवड्यांची दोन कामे घाला. बारा आठवड्यांत बसते.

यातही पळवाट निघेल. एक सोल्डर करणार, तिघे मोबाइल बघणार, किंवा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तयार बोर्ड येणार. म्हणून लोड करंट रोल नंबरनुसार वेगळा द्या: २५०, ४००, ५०० मिलीअँप. कपॅसिटर आणि हीटसिंक आपोआप वेगळे होतात, उतरवायला काही उरत नाही. २३० व्होल्टची बाजू लॅब असिस्टंटने फ्यूजसह डब्यात बंद करून द्यावी, त्यात तडजोड नको.

टर्मवर्कचे २५ असे: सोल्डरिंगच्या आधी तपासलेल्या गणिताला १०, पूर्ण लोडवर दहा मिनिटे चालण्याला १०, दोष शोधण्याला ५. या पाचांसाठी परीक्षकाने ब्रिजमधल्या एका डायोडचा पाय उचलायचा. सीआरओवर कपॅसिटरवरची रिपल (व्होल्टेजचा चढउतार) १०० ची ५० हर्ट्झ होते. पाच मिनिटांत कुठला डायोड ते सांगितले तर मार्क. जर्नल बघायची गरजच नाही.