ठणका थांबला म्हणून दात बरा झाला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दातदुखीवरील लेखाखाली आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तिचा आशय थोडक्यात देतो. आपली खालची दाढ दोन वर्षांपूर्वी असह्य ठणकत होती. लवंगेचे तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या एवढ्यावर ती काही दिवसांत शांत झाली आणि पुन्हा कधी दुखली नाही. त्यामुळे ‘दुखणे थांबले तरी दात दाखवून घ्या’ हे माझे वाक्य लोकांना घाबरवणारे आणि दंतवैद्यांचा धंदा वाढवणारे आहे, असे आपले म्हणणे आहे. नियमितपणे आणि जोर लावून दात घासूनही आपले दात किडतात, म्हणून स्वच्छतेचा उपदेश आपल्याला पोकळ वाटतो. ज्याला दोन-तीन दिवस दंतवैद्य मिळणारच नाही त्याने काय करावे, हेही आपण विचारले आहे.

धंद्याचा मुद्दा आधी बाजूला करतो. कीड लहान असताना दात दाखवला तर ती कोरून सिमेंट भरले की काम संपते; तोच दात गप्प झाला म्हणून सोडून दिला तर पुढे रूट कॅनल, त्यावर टोपी किंवा दात काढून त्या जागी दुसरा बसवणे, असे काम वाढत जाते. दंतवैद्यांची कमाई वाढवायचीच असती, तर ठणका थांबल्यावर निश्चिंत घरी बसा असाच सल्ला मी दिला असता.

आता आपल्या दाढेकडे वळू. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, याला संवेदना नसते, म्हणून कीड तेवढ्यापुरती असते तोवर काहीही जाणवत नाही. त्याखालच्या डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. कीड तिथवर पोचली की गार किंवा गोड लागताच नळ्यांतील द्रव हलतो आणि क्षणभर कळ येते. त्याच्याही आत दाताचा मऊ, जिवंत गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. शरीराच्या अन्य भागाला सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते, पण हा गाभा चहूबाजूंनी कठीण भिंतींनी बंद असतो आणि त्याचा रक्तपुरवठा मुळाच्या टोकाशी असलेल्या अगदी बारीक छिद्रातून होतो. आत सूज आली की दाब वाढतो, आणि नाडीच्या ठोक्यांबरोबर ठणकणारी ती ओळखीची वेदना सुरू होते. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, त्यामुळे दाढ रात्रीच अधिक छळते.

या सुजेच्या पायऱ्या असतात आणि त्या ओळखता येणे उपयोगाचे आहे. गार लागल्यावर आलेली कळ काही सेकंदांत जात असेल, तर गाभा बहुधा सावरू शकतो. कीड काढून दात भरला की तो पूर्ववत होण्याची चांगली शक्यता असते. कळ मिनिटेच्या मिनिटे रेंगाळू लागली, गरम लागल्याने वाढू लागली, काही न खातापिताही येऊ लागली किंवा झोपेतून उठवू लागली, तर गाभा परतीच्या वाटेवर राहिलेला नसतो. आणि त्यापुढची पायरी सर्वांत फसवी असते: गाभा मरतो आणि दुखणे थांबते. कधी दोन दिवसांत, कधी एका रात्रीत, जणू काही झालेच नव्हते. पण जंतू थांबलेले नसतात. ते मृत गाभ्यातून मुळाच्या टोकापर्यंत आणि तिथून हाडात उतरतात, आणि हे काम महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, विनावेदना चालू राहू शकते. कधी हिरडीवर एखादी बारीक पुटकुळी येते, त्यातून पू झिरपत राहतो, आत दाब साचत नाही आणि म्हणून दुखतही नाही.

आपल्या दाढेत हेच घडले असे मी ठामपणे म्हणणार नाही. दाढेच्या फटीत अन्न अडकून हिरडी सुजली असेल किंवा अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची हिरडी लाल झाली असेल, तर गुळण्यांनी खरोखरच आराम पडू शकतो. मात्र नुसत्या शांततेवरून या दोन परिस्थितींतील फरक ओळखता येत नाही, आणि माझ्या त्या वाक्यामागचा सगळा आग्रह एवढाच होता.

आपण केलेल्या उपायांना मी थोतांड म्हटलेले नाही. लवंगेच्या तेलातील युजेनॉल नसा खरोखर बधिर करते. झिंक ऑक्साइडबरोबर ते मिसळून केलेले तात्पुरते सिमेंट दंतवैद्य स्वतः वापरत आले आहेत. पण बधिर करणे आणि कीड थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्रतिजैविकांबद्दल मात्र माझे मत कडक आहे. सुजलेल्या गाभ्याची वेदना त्यांनी कमी होत नाही, आणि मेलेल्या गाभ्यात रक्तच पोचत नसल्याने औषधही पोचत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढांच्या बहुतेक दातदुखीत प्रतिजैविके देऊ नयेत, दातावरच उपचार करावा, असे सांगितले आहे. ताप, पसरती सूज अशी लक्षणे असतील तेव्हा ती लागतात, पण तेव्हाही डॉक्टरांनी ठरवलेली. दुसऱ्या कोणत्या तरी आजाराच्या उरलेल्या चार गोळ्यांनी दात बरा होत नाही. जंतू मात्र त्या औषधाला सरावण्याची शक्यता वाढते.

उपाय आणि उतार यांची गल्लत फार जुनी आहे. दातात अळी शिरते आणि ती दात पोखरते, ही समजूत प्राचीन मेसोपोटेमियातील मातीच्या लेखांतही आढळते, आणि अळी बाहेर काढण्यासाठी धुरी देण्यापासून मंत्र म्हणण्यापर्यंत सगळे काही हजारो वर्षे केले गेले. यांतले काहीतरी सुरू असतानाच अनेकांच्या दातातला गाभा मरत असणार, आणि श्रेय धुरीला मिळत असणार. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अळीला नकार दिला. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी 1890 मध्ये, तोंडातील जंतू अन्नातील साखर-पिठापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, ही मांडणी केली. आजचे आकलन तिच्यावरच उभे आहे.

आपल्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर याच आम्लात आहे. दातावरील पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे निघून जाऊ लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळवते आणि खनिजे परत बसवते, पण त्याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून दिवसभरात गोड किती खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले, याला जास्त महत्त्व आहे. गोड पेयाचा एक पेला तासभर घोट घोट घेणाऱ्याचे दात, तोच पेला जेवणाबरोबर संपवणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतात, मग दोघेही कितीही घासोत.

जोर लावण्याबद्दलही सांगायला हवे. दातांवरचा जंतूंचा थर मऊ असतो, तो निघायला जोर लागत नाही. जोराने हिरडी मागे सरते, मुळाचा भाग उघडा पडतो, आणि मुळावर एनॅमल नसल्याने तो आणखी लवकर किडतो. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे, एवढे पुरते. त्यातले रात्रीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचे प्रमाण 1000 ते 1500 पीपीएम आहे ना ते पाहावे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण लगेच भरपूर पाण्याने चूळ भरू नये, नाहीतर फ्लोराइडही वाहून जाते. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबून मगच ब्रश करावा. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचतच नाही, आणि दाढांची बरीच कीड तिथूनच सुरू होते. तिथे फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक धागा) किंवा बारीक फटींसाठीचा छोटा ब्रश लागतो. हे सगळे करूनही कीड होत असेल, तर आपण रोज घेत असलेली औषधे तपासून घ्यावीत. ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि लाळ कमी झाली की दातांचे संरक्षणच कमी होते.

दंतवैद्य मिळेपर्यंतच्या दोन-तीन दिवसांचा आपला प्रश्न अगदी रास्त आहे. कोमट पाण्याने चूळ भरून, फ्लॉसने अडकलेले कण काढावेत. टाचणी किंवा सुई दातात घालू नये. निरोगी प्रौढांसाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल एकत्र घेणे दातदुखीत चांगले काम करते. मात्र गोळ्यांच्या पाकिटावरील मात्रा ओलांडू नये, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटॅमॉल असते हे लक्षात ठेवावे. पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधे, काही प्रकारचा दमा किंवा गरोदरपण असेल, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. कोणतीही वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये. ॲस्पिरिनने तर तिथे पांढरा चट्टा पडून हिरडी भाजते. लवंगेचे तेल वापरायचेच तर कापसाच्या लहान बोळ्यावर एखादा थेंब घेऊन तो फक्त किडीच्या खळग्यात ठेवावा, हिरडीला लागू देऊ नये, आणि लहान मुलांना मुळीच लावू नये, कारण ते पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते. दोन वर्षांखालील मुलांना बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची जेल लावू नये असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिलेला आहे. सूज असेल तर गालावर बाहेरून, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा, शेक देऊ नये, आणि झोपताना डोके उंच ठेवावे.

काही लक्षणे दिसली तर मात्र वाट पाहू नये. सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकत असेल, तोंड पुरते उघडत नसेल, गिळायला त्रास होत असेल, जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली जात असेल, आवाज बदलला असेल किंवा श्वास अडत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. खालच्या दाढेचा संसर्ग जबड्याखालच्या पोकळीत उतरून श्वासमार्ग बंद करू शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 मध्ये वर्णन केलेल्या या आजाराला आजही त्यांचेच नाव आहे. जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर ते दुखणे दाताचे नसून हृदयाचे असू शकते.

आपल्या त्या दाढेसाठी एकदा साधी तपासणी करून घ्यावी, एवढीच विनंती. दंतवैद्य दाढेवर हलके ठोकून पाहतील, गार लावून गाभा जिवंत आहे का ते तपासतील आणि मुळाचा एक्स-रे काढतील. गाभा जिवंत असेल आणि कीड नसेल, तर काहीच करावे लागणार नाही. मुळाशी काळी छाया दिसली, तर रूट कॅनल करायचे की दात काढायचा, हे घाई न करता, दुखत नसताना ठरवता येईल. एक्स-रेत काय दिसले ते आपण इथे लिहिलेत, तर पुढची चर्चा त्यावर करू.